नॅनो कण घातलेलं वंगण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर हल्ली एक छोटी बाटली हमखास दिसते. ‘नॅनो’ हा शब्द मोठ्या अक्षरात, आत काय आहे ते बारीक अक्षरात, आणि कधीकधी तेही नाही. ही बाटली ऑइलमध्ये ओतावी का, असं मला दुचाकीवाले विचारतात, ट्रॅक्टरवाले विचारतात आणि कारखान्यातले मेंटेनन्सवालेही विचारतात. तिघांना एकच उत्तर देता येत नाही, म्हणून हे पान. भर इंजिन ऑइलवर आहे, कारण निम्म्याहून जास्त प्रश्न तिथले असतात.

नॅनो कण म्हणजे किती लहान? आणि इतक्या लहान कणांची गरज काय?

साधारण १०० नॅनोमीटरपेक्षा लहान कणाला नॅनो कण म्हणतात. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन, आणि मायक्रॉनचा हजारावा भाग म्हणजे नॅनोमीटर. माणसाचा केस ७०-८० मायक्रॉन जाड धरला, तर ५० नॅनोमीटरचा कण त्याच्या दीड हजाराव्या भागाएवढा झाला.

गरज समजायला धातूचा पृष्ठभाग जवळून पाहावा लागतो. घासून, पॉलिश करून गुळगुळीत केलेला लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) किंवा गिअरचा दात सूक्ष्मदर्शकाखाली नुकतीच टाकी लावलेल्या जात्यासारखा दिसतो. सगळीकडे उंचवटे आणि खाचा. अशा दोन पृष्ठभागांमधल्या ऑइलच्या थराची जाडी कठीण जागी मायक्रॉनच्या दहाव्या भागापर्यंत खाली येते. तिथे पाच मायक्रॉनचा कण शिरूच शकत नाही, तो बाहेर ढकलला जातो, आणि शिरलाच तर ओरखडा काढतो. नॅनो कण मात्र त्या फटीत मावतो.

ऑइल भरलेलं असताना धातू धातूला लागतोच कसा?

सगळीकडे लागत नाही. क्रँकशाफ्ट वेगात फिरत असते तेव्हा ती बेअरिंगमध्ये ऑइलच्या थरावर अक्षरशः तरंगते. पण पिस्टन वरच्या टोकाला पोचून क्षणभर थांबतो तिथे रिंगखालचा थर तुटतो. व्हॉल्व्ह उघडणारे कॅम आणि टॅपेट जिथे एकमेकांवर घासतात तिथे दाब फार असतो. सकाळी पहिला सेल्फ मारला की पंपाने ऑइल वर नेईपर्यंतचा काळही असाच.

जर्मनीत रिखार्ड स्ट्रिबेक यांनी १९०२ मध्ये बेअरिंगवर पद्धतशीर मापनं करून घर्षण हे वेग, भार आणि ऑइलचा घट्टपणा यांच्याबरोबर कसं बदलतं ते दाखवलं. त्या आलेखाला आजही स्ट्रिबेक वक्र म्हणतात. वक्राच्या उजव्या बाजूला पूर्ण थर असतो, डाव्या टोकाला धातूवर धातू, आणि मध्ये मिश्र अवस्था. नॅनो कणांचं काम डाव्या टोकाला आणि मध्ये. उजवीकडे त्यांना कामच नाही, कारण तिथे दोन पृष्ठभाग एकमेकांना शिवतच नाहीत. पुढच्या बऱ्याच उत्तरांचं मूळ या एका गोष्टीत आहे.

हल्ली ०डब्ल्यू-२०, ०डब्ल्यू-१६ अशी पातळ ऑइलं आली. ती ढवळायला कमी ताकद लागते म्हणून इंधन वाचतं, पण थरही पातळ होतो आणि इंजिनाचा जास्त भाग त्या वक्राच्या डावीकडे सरकतो. संशोधकांना नॅनो कणांत रस वाटण्याचं हे एक खरं कारण आहे.

बाटलीत नेमके कोणते कण असतात?

बाजारात आणि प्रयोगशाळांत मिळून चार घराणी दिसतात.

पहिलं घराणं पापुद्र्यांचं: मॉलिब्डेनम डायसल्फाइड (वर्कशॉपमधली ‘मॉली’), टंगस्टन डायसल्फाइड, ग्राफिन, आणि हेक्सागोनल बोरॉन नायट्राइड. यांची रचना पत्त्यांच्या कॅटसारखी असते. एका पानाच्या आतले बंध मजबूत, पण पानापानांमधली ओढ कमजोर, त्यामुळे पानं एकमेकांवरून सहज सरकतात. दुसरं घराणं ऑक्साइडांचं: टायटॅनियम, तांबं, ॲल्युमिनियम, सिलिकॉन यांची ऑक्साइडं. तिसरं तांब्यासारख्या मऊ धातूंचं. चौथं नॅनो हिऱ्यांचं. स्फोटकांचा बंद भांड्यात स्फोट घडवून हे हिरे बनवतात आणि एकेक हिरा जेमतेम चार-पाच नॅनोमीटरचा असतो.

यातलं मला सगळ्यात देखणं वाटतं ते टंगस्टन डायसल्फाइड. साध्या सपाट पानाची अडचण त्याच्या कडांना असते. कडेचे अणू अर्धवट बांधलेले असतात, म्हणून ते धातूला चिकटतात आणि हवेशी संयोग पावून खराब होतात. इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधले रेशेफ तेन्ने आणि त्यांचे सहकारी यांनी १९९२ मध्ये दाखवलं की हीच पानं वळून, मिटून बंद गोळा होऊ शकतात, एकात एक थर असलेला, कांद्यासारखा. गोळा बंद झाला की कडाच उरत नाहीत. १९९७ मध्ये त्याच गटाने असे पोकळ गोळे वंगण म्हणून वापरून दाखवले. दाबाखाली कांद्याचा वरचा पापुद्रा सुटतो, धातूवर जाऊन बसतो, आणि मग घर्षण पापुद्र्या-पापुद्र्यांत होतं. धातू त्यातून सुटतो.

जाहिरातीत कण बॉल बेअरिंगसारखे गोल गोल फिरताना दाखवतात. ते खरं आहे का?

थोडंसं. चित्र काढायला सोपं म्हणून ते फार चालतं.

फ्रान्समधल्या एकोल सेंत्राल द लियों इथल्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या आतच एकेक कण दाबून आणि घासून पाहिला आहे. कमी दाबात कण खरंच गडगडताना दिसतो. दाब वाढला की सरकू लागतो. आणखी वाढला की त्याचे पापुद्रे सुटतात. आता कॅम-टॅपेटच्या जागी दाब किती असतो? गिगापास्कलच्या घरात, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर जवळपास दहा टन. इतक्या दाबात आणि इतक्या खडबडीत जमिनीवर गोळा किती वेळ गडगडणार? मऊ असेल तर चिरडला जातो, कठीण असेल तर पोलादात रुततो.

प्रत्यक्ष उपयोगाच्या घडामोडी तीन. कण चिरडून किंवा धातूशी रासायनिक संयोग होऊन पृष्ठभागावर काही दहा नॅनोमीटरचा थर तयार होतो, ही सगळ्यात महत्त्वाची. दुसरी, खाचांत कण भरले जाऊन टेकण्याची जागा वाढते. तिसरी, कठीण कण उंचवट्यांची टोकं हळूहळू घासून काढतात. ही तिसरी नॅनो हिऱ्यांची खासियत आहे, आणि ती कुठे थांबेल याचा भरवसा नसल्यामुळे माझ्या मते ती दुधारी आहे.

म्हणजे माझ्या साध्या ऑइलमध्ये नॅनो कण नाहीत?

आहेत की! आणि कित्येक दशकांपासून आहेत.

इंधन जळताना आम्लं तयार होतात. ती मारायला इंजिन ऑइलमध्ये ओव्हरबेस्ड डिटर्जंट घालतात. डब्याच्या माहितीपत्रकात टीबीएन नावाचा आकडा असतो, तो मुख्यतः याच्यामुळे. हे डिटर्जंट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे, सरळ शब्दांत चुनखडीचे, दहा-वीस नॅनोमीटरच्या आतले कण. प्रत्येक कणाभोवती साबणासारख्या रेणूंचं आवरण असतं, म्हणून ते तळाशी बसत नाहीत. इतके बारीक की ऑइल पारदर्शक दिसतं. ‘नॅनो’ हा शब्द डब्यावर छापायची फॅशन येण्याआधीपासून हे कण आपल्या गाड्यांत फिरत आहेत.

दुसरं उदाहरण झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेटचं. उच्चारायला अवघड म्हणून सगळे झेडडीडीपी म्हणतात. १९४० च्या दशकापासून वापरात आहे. हे ऑइलमध्ये विरघळलेलं असतं, पण घासणाऱ्या जागी उष्णता आणि दाब मिळाला की तिथेच फॉस्फेटचा काचेसारखा थर तयार करतं, जाडी १०० नॅनोमीटरच्या आसपास. तिसरं मॉलिब्डेनमच्या एका विरघळणाऱ्या संयुगाचं, एमओडीटीसीचं. ते घर्षणाच्या जागीच मॉलीची अतिसूक्ष्म पानं तयार करतं. म्हणजे कण बाहेरून घालायचाच नाही, हवा तिथे, हवा तेव्हा जन्माला घालायचा. बाटलीतल्या कणांची स्पर्धा या दोन जुन्या खेळाडूंशी आहे, आणि ते भलतेच तयार आहेत.

डिझेल इंजिनातली काजळीसुद्धा साधारण २० ते ५० नॅनोमीटरच्या कणांचीच बनलेली असते, आणि ती इंजिन झिजवते. तेव्हा कण नॅनो आहे एवढ्यावरून तो उपकारी ठरत नाही.

जुने ॲडिटिव्ह, म्हणजे ऑइलमध्ये मिसळलेली ही रसायनं, इतके चांगले असतील तर नवं शोधायचं कशाला?

फॉस्फरसमुळे. झेडडीडीपीतला फॉस्फरस थोडाथोडा जळून एक्झॉस्टमध्ये जातो आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतो. म्हणून पेट्रोल गाड्यांच्या ऑइलसाठी आयलसॅक जीएफ-६ या आंतरराष्ट्रीय दर्जाने फॉस्फरसची कमाल मर्यादा ०.०८ टक्के ठेवली आहे. झिजेपासून संरक्षण हवं म्हणून किमान ०.०६ टक्केही ठेवली आहे. या अरुंद पट्टीत राहून पातळ ऑइलमध्ये झीज रोखायची, ही ऑइल बनवणाऱ्यांची खरी डोकेदुखी. फॉस्फरस नसलेला, राख न करणारा आणि पृष्ठभागावर टिकाऊ थर देणारा कण मिळाला तर तो त्यांना हवाच आहे.

बाटली हलवून मग ओता असं लिहिलं आहे. का?

कारण कण तळाशी बसतात. या विषयातली सगळ्यात मोठी अडचण हीच आहे.

थोडं गणित करू. टंगस्टन डायसल्फाइड पाण्याच्या साडेसात पट जड. ५० नॅनोमीटरचा सुटा कण ४० अंश तापमानाच्या १५डब्ल्यू-४० सारख्या ऑइलमध्ये सोडला, तर स्टोक्सच्या नियमाप्रमाणे तो दिवसाला जेमतेम आठ मायक्रॉन खाली जाईल. ऑइलच्या रेणूंचे धक्के त्याला त्याहून जास्त इकडेतिकडे हलवतात, म्हणजे तो बसणारच नाही. आता हेच कण एकमेकांना चिकटून एक मायक्रॉनची गुठळी झाली असं धरा. खाली बसण्याचा वेग आकाराच्या वर्गाने वाढतो. आकार वीस पट, वेग चारशे पट: दिवसाला तीन मिलिमीटर. महिनाभर गाडी उभी राहिली की नऊ-दहा सेंटिमीटर, म्हणजे चेंबरच्या तळाशी साका.

आणि गुठळ्या होणं हा या कणांचा स्वभाव आहे. डाळीचं पीठ उकळत्या पाण्यात एकदम टाकलं की पिठल्याचं जे होतं तेच. कण जितका लहान तितका शेजाऱ्याला चिकटायला उतावीळ. उपाय म्हणून प्रत्येक कणाला ओलेइक आम्लासारख्या लांब शेपटीच्या रेणूंचं आवरण देतात. शेपटी ऑइलमध्ये तरंगते आणि दोन कणांना जवळ येऊ देत नाही. हे आवरण खोलीच्या तापमानाला टिकणं सोपं. शंभर-सव्वाशे अंशांच्या चेंबरमध्ये, पाण्याची वाफ, आम्लं आणि काजळी यांच्या सहवासात पाच-दहा हजार किलोमीटर टिकणं ही खरी परीक्षा. प्रयोगशाळेत अनेकदा अल्ट्रासॉनिक यंत्राने कण फोडून नमुना लगेच चाचणीला लावतात. तुमच्या इंजिनात असं यंत्र नाही.

घरी करता येण्याजोगी तपासणी सोपी आहे. बाटली पंधरा दिवस एका जागी उभी ठेवा, मग न हलवता उजेडात धरून तळ बघा. जाड थर दिसला आणि हलवूनही तो सुटला नाही, तर ती बाटली कपाटातच राहू द्या.

दुप्पट घातलं तर दुप्पट फायदा?

उलटं होतं. बहुतेक प्रयोगांत वजनाने ०.१ ते १ टक्क्याच्या दरम्यान कुठेतरी सर्वात चांगला परिणाम मिळतो. त्यापुढे गुठळ्या वाढतात आणि झीज पुन्हा चढते.

दुसरं कारण कमी लोकांच्या लक्षात येतं. एक लिटर ऑइलमध्ये ०.१ टक्का, म्हणजे एक ग्रॅमपेक्षाही कमी टंगस्टन डायसल्फाइड घातलं आणि कण ५० नॅनोमीटरचे भरीव गोळे धरले, तर त्या सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग साधारण १४ चौरस मीटर भरतो. दहा बाय पंधराच्या खोलीची फरशी! ऑइलमधल्या झेडडीडीपीला आणि काजळी धरून ठेवणाऱ्या डिस्पर्संटला पृष्ठभागावर जाऊन चिकटायची सवय असते. लायनर आणि कॅम सोडून ते या फरशीवर बसू लागले तर? ऑइल कंपनीने मोजूनमापून जुळवलेला हिशेब बिघडतो. काही जोड्यांत कण आणि झेडडीडीपी एकमेकांना मदत करतात, काहींत पाय ओढतात. कुठल्या ऑइलबरोबर चाचणी केली आहे हे बाटलीवाल्याने सांगितलं नसेल, तर तो प्रयोग तुमच्या खर्चाने चालला आहे.

मायलेज किती वाढेल?

शंभर रुपयांचं पेट्रोल टाकलं असं धरू. फिनलंडच्या व्हीटीटी संस्थेतले केनेथ होल्मबर्ग, अमेरिकेच्या अरगॉन प्रयोगशाळेतले अली एर्देमिर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मोटारींचा जो हिशेब मांडला, त्याप्रमाणे ६२ रुपये उष्णता म्हणून सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून जातात. पाच रुपये हवा कापायला. उरलेले ३३ घर्षणात. त्या ३३ मधले टायरचे साडेअकरा, इंजिनाचे साडेअकरा, आणि गिअरबॉक्स व ब्रेक यांचे प्रत्येकी पाच.

तर हातात साडेअकरा रुपये. त्यातलं बरंचसं घर्षण पूर्ण थरातलं, म्हणजे ऑइल ढवळण्याचं. कणांचा तिथे संबंध नाही. धातूला धातू लागण्याचा वाटा उदार मनाने पाचवा हिस्सा धरू: दोन रुपये तीस पैसे. बाटलीने तो निम्मा केला असंही मान्य करू: एक रुपया पंधरा पैसे. ही बचत यांत्रिक कामात जाणाऱ्या ३८ रुपयांतली (हवेचे पाच आणि घर्षणाचे ३३) असल्यामुळे तिच्याबरोबर उष्णतेतही थोडं वाचतं, आणि शेवटी शंभरात तीन रुपयांच्या आसपास येतं. हे सगळं बाटलीच्या बाजूने झुकतं धरून.

तेव्हा ‘१५ ते २० टक्के मायलेज वाढ’ हा दावा वाचला की मी पुढचं वाचत नाही. तीन टक्के फरक तर टायरमधली हवा, एसी आणि ट्रॅफिक यांनीच होतो, त्यामुळे ‘मला फरक जाणवला’ या वाक्यालाही फार वजन देऊ नका. माणूस पैसे खर्च केल्यावर जरा हळूही चालवतो.

पण त्यांच्याकडे लॅबचा रिपोर्ट आहे. घर्षण निम्मं झालं असं त्यात छापलंय.

रिपोर्ट खोटा असेलच असं नाही. तो कसला आहे ते बघा.

बहुतेक वेळा ती चार गोळ्यांची चाचणी असते. १२.७ मिलिमीटरचे तीन पोलादी गोळे घट्ट धरायचे, चौथा त्यांच्यावर दाबून तासभर फिरवायचा. एएसटीएम डी४१७२ पद्धतीत वेग मिनिटाला १२०० फेरे, तापमान ७५ अंश, भार १५ किंवा ४० किलो. मग खालच्या गोळ्यांवर पडलेल्या झिजेच्या डागाचा व्यास मोजायचा. चाचणी स्वस्त आणि जलद आहे, दोन वंगणांची ढोबळ तुलना करायला चांगली. पण तिच्यात ना काजळी आहे, ना थंड स्टार्ट, ना आठ महिने झिजलेलं ऑइल.

मी तीन गोष्टी विचारतो. तुलना कशाशी केली: काहीच न घातलेल्या बेस ऑइलशी, की दुकानात मिळणाऱ्या पूर्ण तयार ऑइलशी? नुसत्या बेस ऑइलमध्ये काहीही घाला, सुधारणा दिसते. दुसरं, नमुना बनवल्यावर किती दिवसांनी चाचणी झाली? तिसरं, इंजिनावर किंवा गिअरबॉक्सवर चाचणी आहे का?

इंजिनात ओतायच्या बाटल्यांचा इतिहासही आठवून ठेवावा. नॅनोच्या आधी पीटीएफईची लाट होती, म्हणजे नॉनस्टिक तव्यावरचाच पदार्थ. १९९६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशाच एका लोकप्रिय बाटलीच्या जाहिरातीवर कारवाई केली. झीज कमी होते, या दाव्याला पुरेसा आधार नाही, असं आयोगाचं म्हणणं होतं.

कण ऑइल फिल्टरमध्ये अडकतात का?

सुटे कण नाही. फिल्टर दहा-वीस मायक्रॉन आणि त्यावरचा कचरा धरतो, नॅनो कण त्यातून आरामात जातो. गुठळ्या झाल्या तर अडकतील, आणि तेव्हा अडकलेल्याच बऱ्या.

मोटरसायकलमध्ये घालू का?

गिअरच्या मोटरसायकलमध्ये नको. बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच यांना एकच ऑइल असतं आणि क्लचच्या प्लेटा त्यात बुडलेल्या असतात. क्लचला घर्षण हवं असतं! म्हणूनच जपानी जासो दर्जात एमए आणि एमए२ हे वर्ग क्लच पकडून ठेवणाऱ्या ऑइलसाठी आहेत आणि एमबी हा कमी घर्षणाच्या ऑइलसाठी, जो गिअर नसलेल्या स्कूटरला चालतो. एमए२ चं ऑइल पैसे मोजून घ्यायचं आणि वरून घर्षण कमी करणारी बाटली ओतायची, यात काय मिळवलं?

माझ्या एका मित्राने हे केलं होतं. गावात फिरताना काही कळलं नाही. खंबाटकी घाट चढताना इंजिनाचा आवाज वाढत गेला आणि गाडी तिथल्या तिथे. ऑइल दोनदा बदलूनही क्लच पूर्ववत झाला नाही, शेवटी प्लेटा बदलाव्या लागल्या.

बीएस-६ डिझेलमध्ये?

एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक डिझेल मोटारींत काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, असतो. ऑइलमधल्या धातूंची राख त्यात साचते आणि काजळीसारखी जळून जात नाही. त्या गाड्यांचं ऑइल मुद्दाम कमी राखेचं असतं. धातूच्या ऑक्साइडचे कण घालणं म्हणजे राख परत आणणं. नको.

मग कुणी वापरावं?

जिथे वेग कमी, भार जास्त आणि ऑइलचा थर टिकतच नाही तिथे. साखर कारखान्याच्या मिलचे रोलर घ्या. मिनिटाला मोजके फेरे, वरून हायड्रॉलिकचा प्रचंड दाब, गनमेटलची (तांब्याच्या मिश्रधातूची) बेअरिंग. स्ट्रिबेकच्या वक्राचं हे अगदी डावं टोक. उघडे गिअर, एक्स्कॅव्हेटरच्या बकेटच्या पिना आणि बुश, फोर्जिंग प्रेसच्या स्लाइड हीसुद्धा याच जातीची. इथे पापुद्र्याचे घन कण खरोखर उपयोगी पडतात.

पण मग नॅनोच कशाला? तीन ते पाच टक्के मॉली असलेलं ग्रीस या पिनांना वर्षानुवर्षं लावलं जातं आणि त्यातली मॉली मायक्रॉनमधली असते. ग्रीसचा गोळा तिला धरून ठेवतो, म्हणजे तळाशी बसण्याचा प्रश्नच नाही. अशा ठिकाणी महागडे नॅनो कण घेण्याआधी विक्रेत्याला साध्या मॉली ग्रीसशी तुलना मागा. बऱ्याचदा संभाषण तिथेच संपतं. बंद गिअरबॉक्सच्या पातळ ऑइलमध्ये मात्र मायक्रॉनची मॉली खाली बसते, आणि तिथे चांगल्या आवरणाचे नॅनो कण, ऑइल कंपनीनेच घालून, तपासून दिलेले असतील, तर वापरून बघण्यासारखे आहेत. गनमेटल असेल तर त्या ऑइलमधलं गंधक तांब्याला खात नाही ना, हेही विचारून घ्या.

आम्ही दर तीन महिन्यांनी ऑइलचा नमुना लॅबला पाठवतो. काही फरक पडेल?

पडेल, आणि घोटाळा होईल. लॅब ऑइलमधल्या धातूंचं प्रमाण मोजते. तांबं वाढलं की बुश किंवा बेअरिंग झिजतंय, सिलिकॉन वाढलं की धूळ शिरतेय, असा अर्थ लावतात. आता तुम्ही तांब्याच्या ऑक्साइडचे किंवा सिलिकाचे कण घातले असतील तर? एक तर चांगलं बेअरिंग उघडून बघाल, किंवा खरंच झिजणाऱ्या बेअरिंगकडे ‘ते नॅनोचं असेल’ म्हणून दुर्लक्ष कराल. दुसरं जास्त महागात पडतं. वापरायचंच असेल तर कण घातल्यानंतरचा ताजा नमुना आधी पाठवा आणि तो पाया धरा.

इलेक्ट्रिक गाडीचं काय?

इंजिन नाही, पण मोटरच्या पुढे गिअर आहेत आणि काही रचनांत तेच ऑइल मोटर थंड करायला विजेच्या तारांवरूनही फिरतं. म्हणून कण वीज वाहून नेणारा चालत नाही. ग्राफिन बाद, बोरॉन नायट्राइड चालू शकतं, कारण ते वीज अडवतं आणि उष्णता चांगली वाहतं. पुढच्या काही वर्षांत नॅनो कणांना खरी जागा मिळाली तर ती मला इथे दिसते. दुकानातली बाटली यात ओतू नका, हे वेगळं सांगायला नको.

ऑनलाइन कणांची सुकी पूड मिळते. स्वतः मिसळली तर स्वस्त पडेल?

पडेल, पण करू नका. पळीने ढवळून गुठळ्या फुटत नाहीत. आणि सुकी पूड हवेत उडते, श्वासातून खोलवर जाते. टायटॅनियम डायऑक्साइडची धूळ श्वासातून गेल्यास माणसात कर्करोगाची शक्यता असलेल्या गटात, २बी मध्ये, कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने टाकलेली आहे. एकदा ऑइलमध्ये भिजले की कण उडत नाहीत. धोका डबा उघडून चमच्याने मोजण्याच्या वेळचा आहे.

कण घातलेलं जुनं ऑइल कुठे टाकायचं?

इतर जळक्या ऑइलप्रमाणेच. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेलं ऑइल नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेलं पाहिजे, आणि १ एप्रिल २०२४ पासून त्याची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवरही आली आहे. गॅरेजवाला ड्रममध्ये साठवत असेल तर त्याच्याकडे द्या. शटरिंगच्या फळ्यांना किंवा गुरांच्या गोठ्यातल्या लाकडांना लावायला देऊ नका. कण असोत वा नसोत, त्यात शिसं-जस्तासारखे धातू आणि जळलेल्या इंधनाचे अवशेष असतातच.